सदाशिव पेठेतला एक वाडा, तेरा भाडेकरू आणि मधला चौक : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातल्या सदाशिव पेठेतलं आहे. चिमण्या गणपती ते नागनाथ पार या टापूतला एक वाडा, एवढंच सांगतो. नावं काढलीत, मजले आणि मापं थोडी इकडची तिकडे केलीत, कारण यातली माणसं अजून तिथेच राहतात आणि एकमेकांशी बोलतात. भाडेकरूंच्या बाजूने कागद जमवायला आणि मोजणीला मी मदत केली होती, त्यामुळे बैठकांमध्ये काय बोलणं झालं ते बरंचसं समोर बसून ऐकलंय. वाडा पाडायची वेळ आली की सगळे चौरस फुटावर भांडतात, आणि ज्या जागेमुळे तिथलं राहणं तसं होतं ती जागा कुणाच्याच हिशोबात धरली जात नाही. हे नेमकं कसं होतं ते टप्प्याटप्प्याने दिसावं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

सदाशिव पेठ म्हणजे पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची पेठ. पेशवाई होती तोवर इथले वाडे एकेका घराण्याचे, दरबारातल्या कारभाऱ्यांचे, भिक्षुकांचे, सावकारांचे. १८१८ ला राज्य गेलं आणि ज्यांच्या जिवावर हे वाडे उभे होते ती मिळकतही हळूहळू आटली, मग जागा मोठी आणि उत्पन्न छोटं अशी अवस्था आली. त्यात पुढे पुणं शिक्षणाचं गाव झालं, न्यू इंग्लिश स्कूल १८८० ला, फर्ग्युसन १८८५ ला, स. प. कॉलेज १९१६ ला, आणि कोकणातून, देशावरून शिकायला आणि मग नोकरीला माणसं यायला लागली. त्यांना दोन खोल्या हव्या होत्या आणि वाडेवाल्यांना पैसे हवे होते. भाडेकरू असलेला वाडा हा जो प्रकार आपण ओळखतो तो असा तयार झाला, आणि माझ्या मते पेठेचा जो स्वभाव म्हणतात तोही खरा इथूनच घडला. एका छपराखाली मालक, शिक्षक, कारकून, छापखानेवाला, एखादी एकटी विधवा बाई आणि दोन विद्यार्थी, सगळ्यांची दारं एकाच चौकात उघडणारी.

आपला हा वाडा साधारण सहा गुंठ्यांचा. दिंडी दरवाजा, आत देवडी, मग पुढचा चौक, चारी बाजूंनी पडवी, सागवानी खांब, वर कडीपाट म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, आणि मागे एक छोटा चौक जिथे सामायिक संडास आणि नहाण्या. पुढच्या चौकाच्या एका कोपऱ्यात घडीव दगडाचा हौद. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते माहितीच आहे, रस्त्यावरच्या सार्वजनिक हौदांसारखेच काही वाड्यांमध्येही त्या पाण्याचे खासगी हौद होते, त्यातला हा एक. नळाचं पाणी आल्यावर त्याचा पिण्यासाठीचा उपयोग संपला पण कपडे धुणं, गणपतीचं निर्माल्य आणि मुलांचं डुंबणं चालूच राहिलं.

भाड्याचं गणित समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही म्हणून ते सांगतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचंच होतं, नाहीतर अर्धी पेठ रस्त्यावर आली असती. पण ते तिथेच राहिलं, वर्षानुवर्षं. नवा कायदा १९९९ चा, तो २००० पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला ४ टक्के वाढ करायला मुभा मिळाली, पण महिन्याला ३५ रुपये भाड्यावर ४ टक्के म्हणजे दीड रुपया सुद्धा होत नाही. त्यामुळे मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू मालकाच्या भिंतीवर खर्च करत नाही, आणि वाडा मधल्या मध्ये कुजतो. यात कुणी एक वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही, मी दोन्ही बाजूंच्या घरात चहा प्यायलोय.

१९६१ च्या पानशेतच्या पुराचं पाणी या वाड्यापर्यंत आलं नव्हतं. माणसं मात्र आली. १२ जुलैला नारायण आणि शनिवारातली घरं गेली, तिथले नातेवाईक इथल्या दोन-दोन खोल्यांमध्ये येऊन राहिले, काही पुढे वसाहतींमध्ये गेले, एक कुटुंब इथेच राहून गेलं आणि मालकाने त्यांना रीतसर भाडेकरू करून घेतलं. त्या घरातल्या आजी अजून "आम्ही पुरातले" अशीच ओळख सांगतात.

लोक कोण होते

२०२१ साली वाड्यात तेरा भाडेकरू होते. त्यातली दोन दुकानं, रस्त्याच्या बाजूला, एक बाइंडिंगचं आणि एक छोटा प्रेस, लग्नपत्रिका आणि शाळांच्या वह्या वगैरे. मालकांच्या तीन वाटण्या, एक भाऊ वाड्यातच राहणारा, एक नाशिकला, एक परदेशात, शिवाय दोन बहिणी ज्यांचा हिस्सा कुणी कधी कागदावर आणलाच नव्हता. आणि वरच्या मजल्यावर पुढच्या बाजूला मालकांनी स्वतःच्या तीन खोल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना कॉट बेसिसवर दिलेल्या. या मुलांकडून महिन्याला जे यायचं ते तेराही भाडेकरूंच्या एकत्र भाड्याच्या कितीतरी पट होतं. आजच्या सदाशिव पेठेत फिरलात तर हेच दिसेल, अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, चहा. पेठ म्हातारी झाली म्हणतात पण संध्याकाळी सात वाजता तिथल्या गल्लीत सगळ्यात जास्त चेहरे पंचविशीतले असतात.

आणखी एक महत्त्वाचं, वाड्यात राहणारा मालक याच चौकात वाढलेला. बहुतेक भाडेकरू बायकांना तो काकू म्हणतो, आणि त्या त्याला अरे-तुरे करतात. "अरे तुझ्या मुंजीत मी पंगत वाढलीये, आता मला नोटीस पाठवतोस होय?" हे वाक्य पहिल्याच बैठकीत आलं. या नात्यामुळे बोलणी अवघड झाली आणि याच नात्यामुळे ती तुटली पण नाहीत.

अडचण

मे २०२१ मध्ये धोकादायक बांधकामाची नोटीस लागली. पावसाळ्याआधी पेठांमधल्या जुन्या वाड्यांना अशा नोटिसा दरवर्षीच येतात, लोक वाचतात आणि दिंडीच्या आत कोनाड्यात ठेवून देतात. यावेळी मात्र जुलैत मागच्या चौकाची भिंत रात्री बसली. कुणाला लागलं नाही, पण संडासाकडे जायची वाट बंद झाली आणि दोन घरांच्या कडीपाटाला आधार उरला नाही. भिंत आतून कच्च्या विटांची आणि मातीची, बाहेरून चुन्याचा गिलावा, पाणी मुरत मुरत आत नुसता चिखल झाला होता.

आता कोंडी अशी झाली. खाली केलं नाही तर जीव धोक्यात. खाली केलं तर भाडेकरूंना भीती की एकदा वाडा पडला की आपला हक्क गेला. कायद्याने तसं नाही, वास्तू पडली म्हणून भाडेकरू म्हणून असलेला हक्क आपोआप संपत नाही, पण तो सिद्ध करायला तुमची खोली किती होती, कुठे होती, तुम्ही कोण, हे कागदावर असावं लागतं आणि वाडा जमीनदोस्त झाल्यावर तोंडी सांगण्याला काही अर्थ राहत नाही.

पहिला निर्णय : आधी मोजणी, मग बाहेर

या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता असं माझं स्पष्ट मत आहे. तिघांची कमिटी झाली, बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळेतल्या बाई आणि प्रेसवाले. मागच्या बाजूची चार घरं त्याच आठवड्यात नातेवाइकांकडे हलवली, बाकीच्यांनी मात्र सांगितलं की आमची मोजणी होऊन त्यावर मालकाची सही होईपर्यंत सामान हलणार नाही.

मोजणी म्हणजे काय केलं तर आर्किटेक्चर शिकणारी दोन मुलं आली, टेप लावून प्रत्येक खोली, माळा, पडवीतला वापरातला भाग, सगळं मापून नकाशा काढला. वाड्यात एकही भिंत काटकोनात नसते त्यामुळे कर्ण सुद्धा मोजावे लागले. भिंतीतल्या फडताळाची आतली जागा मापात धरायची का नाही यावर वाद झाला, धरायची असं ठरलं. प्रत्येक घराचा दारातून एक आणि आतून चार कोपऱ्यांचे फोटो, फोटोत त्या घरातला माणूस उभा. मग प्रत्येकाच्या नावासमोर कागद लावले, भाडेपावती, वीजबिल, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मतदारयादी, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले ज्यावर पत्ता असतो.

एका काकूंकडे यातलं जवळजवळ काही नव्हतं. पावत्या सासऱ्यांच्या नावाच्या, ते जाऊन चाळीसेक वर्षं झालेली, आणि नव्वदच्या दशकात मालकांच्या वडिलांशी काहीतरी बिनसलं म्हणून त्यांनी पावती देणंच बंद केलेलं. सगळे म्हणाले यांचं अवघड आहे. काकूंनी पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली, त्यात साडीच्या घडीखाली रबरबँड लावलेला गठ्ठा, मालकाने भाडं घेतलं नाही म्हणून त्यांच्या यजमानांनी दर महिन्याला मनीऑर्डर केली होती, आणि प्रत्येक मनीऑर्डर "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आली होती. शाई पिवळी पडलेली पण पोस्टाचा शिक्का वाचता येत होता. वकिलांनी तो गठ्ठा पाहिला आणि म्हणाले की पावतीपेक्षा हे बळकट आहे, भाडं द्यायची तयारी होती आणि मालकाला ते माहिती होतं हे दोन्ही यात येतं. वाड्यातल्या मालकाने त्याच दिवशी त्यांच्या मोजणीवर सही केली, काही न बोलता.

जे राहून गेलं तेही सांगतो. कॉटवरची मुलं. त्यांचं ना मोजणीत नाव, ना करारात, ना कुठल्या बैठकीत. त्यांना आठवड्याभरात जा म्हणून सांगितलं आणि ती गेली, पुढच्या गल्लीत. त्यांचा कायदेशीर हक्क काही नव्हता हे मान्य, पण राज्यसेवेची परीक्षा तोंडावर असलेल्या पोराला महिन्याभराची मुदत आणि डिपॉझिट परत एवढं तरी मालक आणि कमिटी दोघांनी मिळून बघायला पाहिजे होतं. पेठ आज ज्यांच्यावर चालते त्यांना पेठेने आपलं मानलेलं नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

पर्याय काय काय होते

दुरुस्ती. यावर खरंच विचार झाला. पुढचा चौक आणि त्याच्या तीन बाजू धडधाकट होत्या, सागवान ठोकून पाहिलं तर खणखणीत. मागची बाजू उतरवून नवी बांधायची आणि पुढचं जतन करायचं अशी कल्पना एका जाणत्या आर्किटेक्टने मांडली. खर्च कोण करणार यावर ती थांबली. मालकांना भाड्यातून काही परत मिळणार नव्हतं आणि भाडेकरूंमध्ये निम्मे पेन्शनवरचे. वारसा वास्तू म्हणून काही मदत मिळावी तर हा वाडा कुठल्या यादीत नव्हता, त्याच्यात कुणी थोर पुरुष जन्मला नव्हता की कुठली क्रांतिकारक बैठक झाली नव्हती. साध्या माणसांचे वाडे असेच जातात.

कोर्ट. दोघातिघांचं मत होतं की मनाई हुकूम आणू. पण पेठेत प्रत्येकाला असा एक वाडा माहिती असतो जिथे आजोबांनी केलेल्या दाव्याला नातू तारखेला जातो, आणि वाड्याच्या जागी पत्र्याचं कुंपण, आत एरंड आणि घाणेरी वाढलेली. काकांनी बैठकीत फक्त तशा दोन वाड्यांची नावं घेतली आणि विषय संपला.

एकरकमी पैसे घेऊन जाणं. दोघांनी हे घेतलं. एकाचा मुलगा आधीच धायरीला फ्लॅट घेऊन राहत होता, दुसऱ्या घरात सासू-सासरे जिना चढू शकत नव्हते आणि तीन-चार वर्षं थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांना लोकांनी नावं ठेवली, पण माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं.

शेजारच्या वाड्याबरोबर एकत्र प्लॉट करणं. कागदावर हा सगळ्यात चांगला पर्याय होता. मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली २०२० ची जी एकत्रित बांधकाम नियमावली आहे, त्यात किती उंच आणि किती बांधता येईल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर असतं, आणि पेठेतल्या अरुंद गल्लीवरच्या सहा गुंठ्यांत साइड मार्जिन म्हणजे इमारतीच्या बाजूला ठेवावी लागणारी मोकळी जागा सोडली, जिना-लिफ्ट-टाकी काढली की हातात फार उरत नाही. शेजारचा वाडा मोठ्या रस्त्याला लागून होता, दोन्ही मिळून केलं असतं तर चौकासाठी सुद्धा जागा निघाली असती. पण तिकडे सात वारस आणि त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दोन महिने वाट पाहिली आणि सोडून दिलं. मला वाटतं फार लवकर सोडलं.

स्वतः मिळून बांधणं, म्हणजे मालक-भाडेकरूंनी बिल्डर न घालता, हेही कुणीतरी काढलं, पण सुरुवातीचा पैसा कुठून आणायचा यावर कुणाकडे उत्तर नव्हतं आणि कर्ज द्यायला वाड्याचा सातबारा नव्हे, प्रॉपर्टी कार्ड स्वच्छ लागतं, ते तर बहिणींच्या हक्कसोडपत्राशिवाय होणारच नव्हतं. राहिला बिल्डर.

चौकाचं मतदान

बिल्डरची ऑफर होती जुना कार्पेट, म्हणजे भिंती सोडून आतली वापरायची जागा, अधिक १५ टक्के, बाहेर राहायचं भाडं, आणि २४ महिन्यांत ताबा. पहिल्या प्लॅनमध्ये तळमजला पूर्ण पार्किंग. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "चौक कुठाय यात?" आर्किटेक्टने साइड मार्जिनच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं, तिथून एक स्कूटर जेमतेम जाते.

बाईंचं म्हणणं साधं होतं. साधारण २२ बाय २६ फुटांची ती जागा, तिच्यात वाड्यातल्या मुलींची लग्नं लागली, कुरडया-पापड वाळले, गणपती बसला, कुणी गेलं की तिथेच माणसं जमली. म्हातारी माणसं दिवसभर पडवीत बसतात म्हणून त्यांच्याकडे कुणाचं तरी लक्ष असतं. तेराही भाडेकरूंपैकी कुणाचीच जागा दोनशे-चारशे फुटांच्या पुढे नव्हती, तरी कुणाला घर लहान वाटत नव्हतं कारण चौक प्रत्येकाच्या घराचा भाग होता. तेव्हा प्लॅनमध्ये चौक पाहिजे, निदान अर्धा तरी.

बिल्डरने आठ दिवसांनी दोन प्लॅन आणले. एकात तळमजल्यावर मध्यभागी उघडी जागा, आधीच्या चौकाच्या निम्मी, वर आकाशापर्यंत मोकळी. त्यासाठी चार गाड्यांचं पार्किंग जात होतं आणि प्रत्येक मजल्यावरचे फ्लॅट आकसत होते. दुसऱ्यात चौक नाही, त्याबदल्यात राहिलेल्या अकरा भाडेकरूंना प्रत्येकी २५ फूट जास्त, आणि गच्चीवर कार्यक्रमासाठी एक शेड. ठरवा म्हणाले, रविवारपर्यंत सांगा.

हा खरा वळणाचा टप्पा होता. २५ फूट म्हणजे त्या भागातल्या भावाने किती लाख हे प्रत्येकाने मनात केलं, काहींनी मोबाईलवर केलं. चौकाची किंमत कुणालाच काढता येईना. बाइंडिंगवाले म्हणाले, "बाई, चौक सगळ्यांचा असतो म्हणजे माझ्या पोराला तो विकता येत नाही, खोली येते." हे कठोर वाटेल पण त्यांच्या घरात पाच माणसं दोनशे फुटांत राहिलेली, त्यांना कुणी काय सांगावं. पुरातल्या आजी बाईंच्या बाजूने होत्या, ट्रंकवाल्या काकू सुद्धा. मत झालं, ७ विरुद्ध ४, चौक गेला.

बाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत पण कमिटीतून बाहेर पडल्या नाहीत, पुढचे सगळे कागद त्यांनीच वाचले, आणि एक अट घालून घेतली की हौदाचे दगड फोडायचे किंवा विकायचे नाहीत, ते मोजून, नंबर घालून, नव्या इमारतीत पुढे लावायचे. बाकीचं सागवान, खांब, तुळया, दिंडी दरवाजा, हे बिल्डर आणि मालकांनी विकलं. त्याला गिऱ्हाईक तयारच असतं, हॉटेलं आणि फार्महाऊसवाले.

करार आणि बांधकाम

बहिणींची हक्कसोडपत्रं, परदेशातल्या भावाचं कुलमुखत्यारपत्र, यात वर्ष गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये त्रिपक्षीय करार नोंदला गेला, मालक, बिल्डर आणि प्रत्येक भाडेकरू स्वतंत्र, मोजणीचा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडलेला. भाडेकरूंनी सह्या होईपर्यंत पुढच्या खोल्यांच्या किल्ल्या दिल्या नाहीत. २०२३ च्या सुरुवातीला वाडा उतरवला.

पाया खणताना हौदाच्या बाजूला साधारण पाच-सहा फुटांवर खापरी नळ लागले, भाजक्या मातीचे, एकात एक बसवलेले, सांध्यांना चुना भरलेला. सुपरवायझरला संध्याकाळी काँक्रीट ओतायचं होतं. प्रेसवाल्यांचं दुकान तेव्हा समोरच तात्पुरतं हलवलेलं, त्यांनी पाहिलं आणि बाईंना फोन केला, बाईंनी पेठेतल्या इतिहासाची आवड असलेल्या दोघांना बोलावलं. बिल्डरशी वाद घालण्याऐवजी बाई म्हणाल्या, एक दिवस द्या, काम थांबवा म्हणत नाही, उद्या संध्याकाळी ओता. मिळाला. त्या एका दिवसात नळाची दिशा, उतार, व्यास, खोली मोजली, फोटो काढले, आणि शाबूत निघालेले तीन नळ बाहेर काढले. बाकीचे काँक्रीटखाली आहेत. अजून रीतसर काही करता आलं असतं का, कदाचित, पण काम बंद पडेल या भीतीने लोक असं काही सापडलं तर रातोरात बुजवतात हे पेठेत सगळ्यांना माहिती आहे, आणि एक दिवस मागितल्यामुळे निदान नोंद झाली.

२४ महिन्यांचे तेहतीस झाले. बाहेरच्या भाड्याचे पहिल्या अकरा महिन्यांचे चेक वटले, नंतरचे उशिरा, आणि शेवटचे काही महिने तर फोन करून करून. दोन घरांनी दागिने ठेवून भाडं भरलं.

निकाल

दिवाळी २०२५ च्या आसपास ताबा मिळाला. अकराही भाडेकरूंना करारातला एरिया मिळाला, एक इंचही कमी नाही, आणि हे पूर्णपणे त्या मोजणीमुळे. प्रत्येकाला स्वतःचा संडास-बाथरूम, हे लिहायला छोटं वाटतं पण ज्या बायकांनी पावसात रात्री मागच्या चौकात जायचं टाळायला संध्याकाळी पाणी प्यायचं सोडलं होतं त्यांना विचारा. मालकांना मालकीचे फ्लॅट आणि दुकानं मिळाली. पूर्वीचे भाडेकरू आता मालक झाले, मुलांच्या लग्नाची बोलणी करताना पत्ता सांगायला लाज वाटत नाही असं एक काकू म्हणाल्या.

आणि दुसरी बाजू. गच्चीवरची शेड बांधली पण लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, वर एक जिना चढावा लागतो, त्यामुळे ज्यांच्यासाठी ती हवी होती तेच तिथे जाऊ शकत नाहीत. गणपती पार्किंगमध्ये बसतो, गाड्या दहा दिवस रस्त्यावर लावून, त्यावरून पहिल्याच वर्षी भांडण. पुरातल्या आजी चौथ्या मजल्यावर आहेत, घर उजेडाचं आहे, खिडकीतून टेकडी दिसते, पण दिवसभर दार बंद. महिन्याभरात त्यांना एकदा चक्कर येऊन त्या पडल्या तर ते समोरच्या फ्लॅटला तीन तासांनी कळलं. ज्यांनी २५ फुटांना मत दिलं होतं त्यातल्याच दोघांनी नंतर बाईंना येऊन विचारलं की खाली एखादं बाकडं टाकता येईल का, बसायला.

हौदाचे दगड पुढे लावले आहेत, प्रवेशाच्या उजव्या हाताला. नंबर घातले होते तरी एक ओळ उलटी बसली. त्यात पाणी नाही, तुळस आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट, चौकाचा विषय भावाच्या बोलणीनंतर आला. तो मोजणीच्या वेळीच यायला हवा होता. प्रत्येकाची खोली मोजली, पडवी मोजली, फडताळ मोजलं, आणि चौक नकाशात नुसता रिकामा चौकोन म्हणून राहिला, त्याच्यात आकडा लिहिला नाही. तिथे जर तेव्हाच लिहिलं असतं की ही सामायिक जागा, एवढे फूट, आणि नव्या इमारतीत याच्या निम्मी तळमजल्यावर द्यायची, ही बोलणीची पहिली अट म्हणून ठेवली असती तर बिल्डरने त्याचा हिशोब धरूनच ऑफर दिली असती. नंतर काढल्यामुळे चौकाला २५ फुटांशी झुंजायला लावलं गेलं, आणि घरातल्या माणसांना तशी निवड करायला लावणंच चुकीचं आहे, त्यांनी जे केलं ते कुणीही केलं असतं.

दुसरं, मतदान रविवारपर्यंत उरकायची काही गरज नव्हती. बिल्डरला वाडा हवा होता, तो महिनाभर थांबला असता. त्या महिन्यात पेठेत आधी झालेल्या दोन-तीन इमारतींमध्ये जाऊन तिथले जुने भाडेकरू आता कसे राहतात हे बघून आले असते तर ७ विरुद्ध ४ चा आकडा वेगळा आला असता असं मला वाटतं.

बाहेरच्या भाड्यासाठी पुढच्या तारखांच्या चेकवर विसंबायला नको होतं, पूर्ण मुदतीची आणि वर सहा महिन्यांची बँक गॅरंटी मागायची, बिल्डर नाही म्हणतो, पण किल्ल्या तुमच्याकडे असेपर्यंतच त्याला हो म्हणायला लावता येतं. गच्चीची शेड करारात "कार्यक्रमासाठी जागा" एवढीच लिहिली होती, तिथवर लिफ्ट हे शब्द घातले असते तर प्रश्न नव्हता. आणि शेजारच्या वाड्याच्या सात वारसांसाठी कुणीतरी मध्यस्थ, त्यांच्यातलाच मान असलेला एखादा मामा-आत्या, शोधून सहा महिने द्यायला हवे होते.

त्या शेजारच्या वाड्याला आता नोटीस आली आहे. त्यांच्याकडच्या एक वहिनी बाईंकडून आपल्या मोजणीचा नकाशा आणि कराराची प्रत घेऊन गेल्या, बोलत नसलेले ते दोघे भाऊ सुद्धा एका बैठकीला आले म्हणे. तिथे टेप लावताना बाई स्वतः गेल्या होत्या, आणि चौकाच्या चौकोनात आकडा लिहून, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊनच परत आल्या.